ठिबकणारा थेंब आणि घातक गाळ

आज आपण बुधवार पेठेत जमलो आहोत. इथून तापकीर गल्ली जवळच. तिथल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानातून मूठभर स्क्रू, नाहीतर प्लगच्या पिना घ्या. त्यांच्यावरची चकाकी जस्ताची किंवा निकेलची असते. ती चढवतात लहान प्लेटिंग वर्कशॉपमध्ये. भोसरी एमआयडीसीत अशी वर्कशॉप आहेत.

आता तिथे काय होतं ते बघू. जॉब टांगलेला रॅक रसायनाच्या बाथमधून वर काढतात आणि पाण्याच्या टाकीत बुडवतात. कारागीर घाईत असतो. रॅकला चिकटून आलेलं रसायन निथळायच्या आधीच धुण्याच्या पाण्यात जातं. ते पाणी सोडण्यापूर्वी त्यातला धातू चुना किंवा कॉस्टिक टाकून खाली बसवावा लागतो. तोच हा गाळ. 2016 च्या नियमांनुसार तो घातक कचरा ठरतो. साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, नोंद ठेवून रांजणगावसारख्या सामाईक प्रकल्पात पाठवावा लागतो. म्हणजे मालक धातूचे पैसे दोनदा मोजतो: एकदा विकत घेताना, एकदा फेकताना.

मग करायचं काय? पहिली गोष्ट फुकटची आहे. रॅक बाथच्या वर दहा-पंधरा सेकंद थांबवायचा. हात दुखतो हो! म्हणून वर एक आडवी दांडी लावायची आणि रॅक तिला अडकवायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन टाक्या. समजा, जॉबवरचं रसायन हजारपट पातळ करायचं आहे. एकाच टाकीत धुतलं तर चिकटून आलेल्या दर लिटर रसायनामागे सुमारे 1000 लिटर पाणी लागतं. दोन टाक्या ठेवल्या, ताजं पाणी दुसरीत सोडलं आणि तिचं ओसंडणारं पाणी पहिलीत आणलं, तर सुमारे 32 लिटर पुरतं. तीन टाक्यांना 10. जॉब एका दिशेने जातो, पाणी उलट्या दिशेने येतं, एवढंच.

इथे एक गफलत होते बरं का. नुसतं पाणी वाचवलं म्हणून धातू कमी होत नाही, तो तेवढाच राहतो. पण पाणी थोडं आणि दाट झालं की ते परत बाथमध्ये घालता येतं. निकेलचा बाथ गरम असतो, त्यातलं पाणी उडत राहतं, ती तूट याच पाण्याने भरायची. त्याबरोबर घाणही परत येते, म्हणून गाळणी आणि तपासणी हवीच.

क्रोमच्या कामात तर हा प्रश्न पैशांपुरता राहत नाही. षट्‌संयुजी क्रोमियममुळे कातडीला जखमा होतात, त्याच्या वाफाऱ्याने फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. टाकीपाशी उभा असतो तो कारागीर, मालक नव्हे.

म्हणून आमचं सांगणं एवढंच: उद्या वर्कशॉपमध्ये गेलात की गाळाच्या पिंपाकडे नंतर बघा. आधी रॅकखाली उभे राहा आणि थेंब कुठे पडतोय ते बघा.