रिपोर्टावरचा ‘एच’

परवा पुण्यात आमच्याकडे एक काकू आल्या, सोबत आठव्या महिन्यातली लेक. हातात यकृताच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट, आणि दोन आकड्यांपुढे ‘एच’, म्हणजे जास्त. अल्कलाइन फॉस्फेटेज 210 पाहून काकूंची झोप उडाली होती. एसजीपीटी 68 होतं. ते म्हणे, “थोडंसंच तर वाढलंय.”

खरं तर नेमकं उलटं होतं. अल्कलाइन फॉस्फेटेज यकृतात असतं, तसं हाडांत आणि वारेतही असतं. शेवटच्या महिन्यांत ते दुप्पट झालं तरी नवल नाही. वाढत्या वयाच्या पोरांचंही हाडांमुळे जास्त येतं. एसजीपीटी मात्र मुख्यतः यकृताच्या पेशींत असतं. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरतं. गरोदरपणामुळे ते वाढत नाही. म्हणून डॉक्टरांनी लेकीला पहिलं विचारलं, “रात्री तळहात-तळपायांना खाज सुटते का?” सुटत होती! उष्णता असेल म्हणून तिनं अंगावर काढली होती. यकृतातलं पित्त नीट वाहत नसल्याची ती खूण असू शकते, आणि त्यात बाळाला धोका असतो. त्याच दिवशी पुढच्या तपासण्या सुरू झाल्या.

आकड्याशेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा येते कुठून? निरोगी माणसांचं रक्त तपासून, शंभरातल्या साधारण 95 जणांचे आकडे जिथे बसतात, ती मर्यादा. म्हणजे धडधाकट बाईचाही आकडा कधी बाहेर जातो. शिवाय ती प्रत्येक लॅबची वेगळी, त्यामुळे शेजारणीच्या रिपोर्टाशी आपला ताडून पाहू नका. बहुतेक रिपोर्टांवर गरोदर बाईसाठी वेगळी मर्यादा छापलेलीच नसते, काकू घाबरल्या त्या तिथेच. एसजीओटी तर स्नायूंतही असतं. दिवसभर ऊस तोडून दुसऱ्या दिवशी रक्त दिलं तर तेही वाढलेलं दिसेल. डॉक्टरांना हे सांगायचं, चालू गोळ्या आणि झाडपाल्याची औषधंही सांगायची.

आणि आकडा मर्यादेत आला म्हणून निर्धास्तही होऊ नये. जुन्या हिपॅटायटिस बी मध्ये एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं. त्याची तपासणी वेगळी असते, गरोदरपणात ती करून घ्यावीच.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं ज्यावर वर्षानुवर्षं काम केलं, ती हिपॅटायटिस ई ची कावीळ दूषित पाण्यातून येते. तिच्यात एसजीपीटी शेकड्यांत, कधी हजारांत जातं, आणि गरोदर बाईच्या ती जिवावर बेतते. डोळे पिवळे दिसले तर माळ घालण्यात दिवस घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

काकूंच्या लेकीला आठवड्यानं पुन्हा रक्त द्यायचंय. जुना रिपोर्ट सोबत न्यायला आम्ही बजावलंय.