पसरणीचा घाट आणि अपुरे राहिलेले वाक्य

सांगलीच्या गणपती मंदिरापासून निघून कृष्णेच्या खोऱ्यातून तिच्या उगमापर्यंत सायकलने जायचे, असा बेत आम्ही चौघांनी आखला होता. कराड, सातारा आणि वाई येथे मुक्काम, आणि चौथ्या दिवशी महाबळेश्वर. चौघांत सर्वांत वडील मी; वय 67, आणि गेली नऊ वर्षे रक्तदाबाची गोळी घेणारा. निघण्यापूर्वी डॉक्टरांनी इसीजी, इको आणि स्ट्रेस टेस्ट करवून घेतली होती. घरून परवानगी मिळाली ती एकाच अटीवर: दर तासाला फोन.

पहिले तीन दिवस फारसे सांगण्याजोगे नाहीत. खरी परीक्षा पसरणीच्या घाटाची. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर आहे, तर पाचगणी 1300 मीटरच्या आसपास. म्हणजे जेमतेम बारा किलोमीटरांत सहाशे मीटर चढायचे. मोटारीतून जाताना या घाटात आपण खिडकीबाहेर पाहतो. सायकलवरून मात्र समोरच्या चाकापुढचे चार हात डांबर तेवढे दिसते.

डिसेंबरची थंडी होती. शाहीर साबळे यांचे पसरणी गाव मागे पडले आणि चढ सुरू झाला. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर खाली धोम धरणाचे पाणी चमकू लागले. मनगटावरचे घड्याळ नाडीचे ठोके 108 दाखवीत होते. 220 मधून वय वजा करण्याच्या सर्वपरिचित हिशेबाने माझी कमाल मर्यादा 153. आकडा पाहून मी मनोमन सुखावलो आणि वेग थोडा वाढविला.

शेजारून चालवीत असलेला माझा भाचा फिजिओथेरपिस्ट आहे. तो म्हणाला, "मामा, घड्याळ राहू द्या. काल कराडला काय जेवलो ते सांगा बघू."

"काल नव्हे, परवा... कराडला आपण..." एवढेच बोलून मला श्वास घ्यावा लागला. वाक्य पुरे झालेच नाही.

"उतरा," तो म्हणाला.

मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. नेमकी तेव्हाच शाळेच्या सहलीची एक एसटी शेजारून गेली आणि मुले खिडकीतून हात हलवीत ओरडली. अशा वेळी सायकलवरून उतरणे जिवावर येते. तरी उतरलो.

चूक माझ्या हिशेबात होती. माझी गोळी बीटा ब्लॉकर वर्गातील. ही औषधे हृदयाच्या ठोक्यांना लगाम घालतात. त्यामुळे शरीर थकून गेले तरी आकडा खालीच राहतो. शिवाय वयावरून काढलेली कमाल मर्यादा ही केवळ सरासरी असते. अशी गोळी घेणाऱ्याने श्रमाचे माप नाडीवरून न काढता बोलण्यावरून काढावे. चालता चालता सहज पूर्ण वाक्य बोलता आले तर श्रम बेताचा. शब्दाशब्दाला धाप लागली तर तो अधिक. मात्र आकडा वाढावा म्हणून गोळी स्वतःहून कमी करणे किंवा चुकविणे धोक्याचे आहे.

भाच्याने मला लगेच बसू दिले नाही. एकदम थांबल्यास पायांत रक्त साठून रक्तदाब घसरतो आणि भोवळ येते, म्हणून पाच मिनिटे सावकाश चालविले. मग त्याने माझी पाण्याची बाटली उचलून दाखविली. वाईत भरलेली, जवळजवळ तशीच! उतारवयात तहानेची जाणीव बोथट होते. थंडीत तर ती आणखीच फसवते. लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यांनी आणि हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असणाऱ्यांनी प्रवासातले पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर तर श्रमानंतर काही तासांनी, रात्री झोपेतही उतरू शकते. सोबतच्या माणसाने हे ध्यानात ठेवावे.

माझ्या छातीत दुखत नव्हते. छातीवर दाब, जबड्याकडे वा हाताकडे जाणारी कळ, थंड घाम किंवा डोळ्यांपुढे अंधारी यांतले काहीही असते, तर विश्रांतीचा विचारही न करता 108 क्रमांकाला फोन करावा लागला असता.

वयाचा दोष मी देत नाही. फ्रान्सचे रोबेर मार्शां यांनी जानेवारी 2017 मध्ये, वयाच्या 105 व्या वर्षी, एका तासात 22.547 किलोमीटर सायकल चालविली. शंभरी ओलांडल्यानंतरच्या दोन वर्षांच्या सरावात त्यांच्या शरीराची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता वाढल्याचे संशोधकांनी मोजले आहे. पण तो सराव ठरवून, बहुतांशी हलक्या श्रमाचा होता. माझा सराव सांगलीच्या सपाट रस्त्यांवरचा; घाटाची सवय पायांना नव्हतीच.

पुढची दोन वळणे सायकल हातात धरून चढलो. मग सर्वांत हलका गिअर, आणि दर किलोमीटरला दोन घोट पाणी. भाचा मला कराडच्या जेवणापासून त्याच्या लहानपणापर्यंत काहीबाही विचारीत राहिला, आणि मी उत्तरे देत राहिलो. पाचगणीला पोहोचायला साडेअकरा वाजले. ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी महाबळेश्वर गाठायचे होते. उरलेले वीस किलोमीटर आम्ही दुसऱ्या दिवसावर टाकले.

घरी फोन लावला. तासाचा हिशेब केव्हाच चुकला होता. पलीकडून पहिला प्रश्न आला, "चालत किती आलात?"

"दोन वळणं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, "आता जेवून घ्या."