दिसणारें वय आणि खरें वय
निलंग्याच्या बाजारांत एकाच वर्षीं जन्मलेले दोन गृहस्थ शेजारीं उभे राहिले, तर कित्येकदां एक दुसऱ्याचा पुत्र भासतो. ह्यांत चमत्कार नाहीं. सुरकुत्यांचें वयाइतकेंच मोठें कारण ऊन होय. सूर्याचे अतिनील किरण त्वचेस घट्टपणा देणारे ‘कोलॅजेन’चे तंतू झिजवितात, म्हणून रानांत राबणारा शेतकरी लौकर म्हातारा दिसतो, सावलींतील दुकानदार तरुण. आनुवंशिक ठेवण आणि तंबाखूचें व्यसन ह्यांचाहि वांटा असतोच.

१८८८ सालीं जन्मलेल्या बालगंधर्वांनीं १९३१ मध्यें तरुण कान्होपात्रा रंगविली. रंगभूमीवर हा गौरव ठरला. व्यवहारांत मात्र कोवळ्या चेहऱ्याच्या प्रौढाचा शब्द हलका लेखला जातो, आणि उलट थोराड दिसणाऱ्या अल्पवयी मुलीचा विवाह उरकला जातो.

म्हणूनच, बालकाच्या वयाविषयीं शंका असल्यास २०१५ चा बाल न्याय कायदा पहिला मान शाळेच्या दाखल्यास देतो. तो नसेल तर नगरपालिकेच्या वा ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यास, आणि तोहि नसेल तरच हाडांच्या तपासणीस. परंतु शाळेंत नांव घालतांना कित्येकांची जन्मतारीख ‘१ जून’ अशी अंदाजानेंच लिहिली गेली. चेहरा फसवितो तसा दाखलाहि फसवूं शकतो. जन्माची नोंद वेळींच करणें, हाच त्यावर खरा उपाय.