सतरा सप्टेंबर आणि आठवीचं पुस्तक

इस्रायल-पॅलेस्टाइनच्या बातम्या पेटल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं: तिकडं पोरांच्या डोक्यात शाळेतूनच वैर भरतात. परभणीत हे म्हणणाऱ्यांत पालक असतात तसे शिक्षकही असतात. थोड्या वेळानं तेच बोट गावातल्या शाळांकडं वळतं. मराठी शाळेतला पालक उर्दू शाळेकडं बघतो आणि उर्दूतला मराठीकडं. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. धड्यातले ‘आपण’ कोण आणि ‘ते’ कोण, हा प्रश्न इथं नुसता जेरुसलेमचा राहत नाही.

गैरसमज: पाठ्यपुस्तकांतून उघड द्वेष शिकवला जातो.

येल विद्यापीठाचे ब्रूस वेक्सलर, तेल अवीव विद्यापीठाचे डॅनियल बार-ताल आणि बेथलहेम विद्यापीठाचे सामी अदवान यांनी दोन्ही बाजूंची शालेय पुस्तकं बारकाईनं तपासली. त्यांचा अहवाल २०१३ साली आला. समोरच्या माणसाला जनावर किंवा सैतान ठरवणारा मजकूर दोन्हीकडं क्वचितच सापडला. जे सापडलं ते शांत भाषेत लिहिलेलं होतं, आणि मला ते जास्त गंभीर वाटतं. आपल्या लोकांचं बलिदान तपशीलवार, समोरचा मात्र बहुतेक वेळा हल्लेखोर म्हणूनच. त्याचा धर्म, त्याचं रोजचं जगणं यावर फारसं काही नाही. नकाशांचंही तेच. बहुसंख्य इस्रायली नकाशांत पॅलेस्टिनी भागाची सीमा नाही, आणि इस्रायल हे नाव लिहिलेले पॅलेस्टिनी नकाशे अगदी थोडे. दोन्ही बाजू अगदी सारख्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. स्वतःच्या बाजूच्या चुकांबद्दलचं लेखन इस्रायलच्या सरकारी शाळांच्या पुस्तकांत तुलनेनं अधिक होतं. तरीही इस्रायलच्या शिक्षण खात्यानं हा अहवाल फेटाळला.

गैरसमज: उर्दू शाळेत वेगळाच इतिहास शिकवतात.

नाही. राज्य मंडळाच्या शाळेत इतिहासाचं पुस्तक बालभारतीचंच असतं. तोच धडा, तीच चित्रं, तोच स्वाध्याय. उर्दू आवृत्ती हा त्याचाच अनुवाद. शंका असेल त्यानं दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पानं उलटावीत.

गैरसमज: हैदराबादचा मुक्तिसंग्राम हिंदू विरुद्ध मुसलमान असा होता, आणि पुस्तकातही तेच आहे.

इथं थोडं थांबू, कारण हा धडा आपल्या जिल्ह्याचा आहे. २०१८ साली आलेल्या आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘स्वातंत्र्यलढ्याची परिपूर्ती’ या पाठात हैदराबाद येतं. १९३८ मध्ये स्थापन झालेली हैदराबाद स्टेट काँग्रेस, लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, कासीम रझवी आणि त्याचे निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार, भारतीय सैन्याचं १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालेलं ‘ऑपरेशन पोलो’, निजामाची १७ सप्टेंबरची शरणागती. सगळं थोडक्यात. हुतात्म्यांच्या नावांत बहिर्जी शिंदे आहेत, म्हणजे वसमत भागातल्या वापटीचे. तो भाग तेव्हा परभणी जिल्ह्यातच होता. त्याच ओळीत शोएब उल्ला खान हेही नाव आहे.

हे शोएब उल्ला खान ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक. हैदराबादनं भारतात सामील व्हावं असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना हैदराबादच्या रस्त्यावर ठार मारलं. मुसलमान संपादक, उर्दू वर्तमानपत्र, भूमिका विलीनीकरणाची आणि मारेकरी रझाकार. एवढं कळलं तरी ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ ही मांडणी जागच्या जागी कोसळते. पण धड्यात ते यादीतलं एक नाव आहे. यादी पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. नाव असूनही गोष्ट नसणं, हा पाठ्यपुस्तकाचा खरा परिणाम आहे.

दुसरी मोकळी जागा याहून मोठी आहे. आपल्याकडची जुनी माणसं दोन शब्द वापरतात, ‘रझाकारी’ आणि ‘ॲक्शन’, म्हणजे सप्टेंबर १९४८ ची ती लष्करी कारवाई. रझाकारीत गावं जळाली, माणसं मारली गेली, कुटुंबंच्या कुटुंबं सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत पळाली. रझाकारांचे अत्याचार धड्यात आहेत आणि असायलाच हवेत. ॲक्शनच्या वेळी आणि त्यानंतर काय झालं, ते धड्यात नाही. पंतप्रधान नेहरूंनी १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवलं होतं. संपूर्ण राज्यात २७ ते ४० हजार माणसं दगावली, त्यांत मुसलमान फार मोठ्या संख्येनं होते, असा त्यांचा अंदाज. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि शेजारचं नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त पोळलेले. सरकारनं तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. सर्वसामान्यांपर्यंत तो यायला पासष्टएक वर्षं गेली. त्याच अहवालात मुसलमान विणकरांना वाचवण्यासाठी हिंदू विणकर हल्लेखोरांसमोर उभे राहिले आणि त्यात काहींनी स्वतःचा जीव गमावला, अशीही नोंद आहे. शिकवायलाच हवी अशी ही गोष्ट धड्यात नाही.

हे वगळल्यानं मुलं त्याविषयी अजाण राहतात का? मुळीच नाही. एका घरात रझाकारीच्या आठवणी सांगितल्या जातात, दुसऱ्या घरात ॲक्शनच्या. दोन्ही खऱ्या असतात, दोन्ही अर्ध्या असतात, आणि दोन्ही जिथं समोरासमोर याव्यात तो वर्ग गप्प असतो.

गैरसमज: पुस्तक बदललं की मुलं बदलतात.

निजामाच्या राज्यात माध्यमिक वर्गांपासून शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं आणि शाळांत निजामाच्या राज्यासाठी प्रार्थना म्हटली जाई. तरीही १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या आणि औरंगाबादच्या वसतिगृहांतली मुलं ‘वंदे मातरम्’ म्हणायला उभी राहिली. त्यासाठी शिक्षणसंस्थांतून नावं काढून टाकल्यावर त्यांतल्या अनेकांनी नागपूर विद्यापीठात प्रवेश घेतला. म्हणजे सरकारी अभ्यासक्रम सर्वशक्तिमान नव्हता. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी अशा शाळा आणि तिथले शिक्षकही मुलं घडवत होते. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ वेरोनिक बेनेई यांनी कोल्हापूरच्या शाळांत राहून अभ्यास केला, त्यांचंही निरीक्षण याच दिशेचं आहे: देशाबद्दलची भावना धड्याइतकीच परिपाठातून, गाण्यांतून, बाईंच्या आवाजातल्या चढउतारांतून अंगात भिनते.

म्हणून पुस्तकाची वाट न बघता काही करता येतं. सामी अदवान आणि इस्रायली मानसशास्त्रज्ञ डॅन बार-ऑन यांनी दोन्हीकडच्या शिक्षकांना सोबत घेऊन एक पुस्तक तयार केलं. एका बाजूला इस्रायली कथन, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी, आणि मधली जागा कोरी, विद्यार्थ्यानं स्वतः लिहायची. दोन्हीकडच्या शिक्षण खात्यांनी त्याला मान्यता दिली नाही. काही शिक्षकांनी स्वतःच्या जबाबदारीवर ते वर्गात वापरलं.

आपल्याकडं तर त्यासाठी एक साधी वहीही पुरेल. सतरा सप्टेंबरच्या झेंडावंदनाआधी आठवीच्या मुलांनी एक आठवण रझाकारीची आणि एक ॲक्शनची आणावी, शक्यतो दोन वेगवेगळ्या मोहल्ल्यांतून, आणि शोएब उल्ला खान व बहिर्जी शिंदे यांच्यावर प्रत्येकी एक पान लिहावं. १९४८ साली दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या घरात आहे. मानवत, सेलू, पाथरी, जिंतुरात अशी मोजकीच माणसं उरली असतील, आणि त्यांच्याकडं यंदाच जायला हवं.