आधी ग्रामसभा, मग मोजणी

नाशिकहून वणीमार्गे सापुताऱ्याला जाणारा रस्ता महाराष्ट्र सोडण्याआधी सुरगाणा तालुक्यातल्या हतगडाच्या पायथ्याने जातो. पावसाळ्यात या रस्त्याला सुटीच्या दिवशी गाड्यांची रीघ लागते. सापुतारा गुजरातच्या डांग जिल्ह्यात आहे, पण तिथे खोली मिळाली नाही किंवा परवडली नाही की पर्यटक हद्दीच्या अलीकडे मुक्काम शोधतो. त्यामुळे हतगड, बोरगाव परिसरात रस्त्याला लागून असलेल्या माळाला आता नागली-वरईच्या हिशेबात न बसणारा भाव आला आहे. जगात जिथे जिथे डोंगर पाहायला पैसेवाला माणूस येतो, तिथे हेच घडते. अमेरिकेत बर्फावर घसरण्याच्या खेळाची गावे आहेत, तिथेही शेताचे वा कुरणाचे तुकडे पाडून भाड्याची घरे बांधायला काउंटीची मंजुरी घ्यावी लागते आणि त्यावर जाहीर सुनावणी होते. सुरगाण्यात फरक इतकाच, की इथली बहुतेक खातेदार कुटुंबे कोकणा, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी समाजांची आहेत आणि अख्खा तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येतो. इथे जमिनीचा तुकडा पाडणे हा खातेदार आणि सरकारी कचेरी एवढ्या दोघांतला व्यवहार राहत नाही. म्हणून पर्यटकांच्या मुक्कामासाठी जमीन विभागायची असेल तर ग्रामसभेचा निर्णय फाइलच्या पहिल्या पानावर हवा. आज तो शेवटी येतो, आणि पुष्कळदा येतच नाही.

फाइल कशी चालते ते पाहिले तर अडचण लक्षात येते. समजा रस्त्यालगत दोन एकरांचा गट आहे आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे. पहिली पायरी वारस नोंदीची. दुसरी वाटपाची, जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे सहहिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदार वाटप करून देतात. तिसरी मोजणीची. भूमी अभिलेख कार्यालय चतुःसीमेच्या खातेदारांना नोटिसा पाठवते, ठरल्या दिवशी भूकरमापक येतो, पूर्वीच्या साखळी आणि प्लेन टेबलाच्या जागी आता रोव्हर लावतो, हद्दीच्या खुणा दाखवतो आणि पुढे पोटहिस्स्यांचा नकाशा तयार होतो. जिरायत जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे धरले जाते, तेव्हा दोन एकरांत चार भावंडांचे चार पोटहिस्से जेमतेम बसतात. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याचा आडोसा मात्र शेतजमिनीपुरता आहे. जमीन बिनशेती झाली आणि लेआऊट मंजूर झाला की तिथे दोन-तीन गुंठ्यांचे प्लॉट पडू शकतात. म्हणजे जमिनीचा खरा तुकडा बिनशेतीच्या आदेशाने पडतो. ही सगळी पावले आदिवासी खातेदाराच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अर्जावर पडतात. त्यात हस्तांतर कुठेच नसते, त्यामुळे आदिवासी जमिनीच्या संरक्षणाचे कलम तोवर जागेच होत नाही.

ते कलम म्हणजे संहितेचे 36अ. बिगर आदिवासीला आदिवासीची जमीन विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने घ्यायची असेल तर पूर्वपरवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची, बाकी सर्व बाबतींत जिल्हाधिकाऱ्यांची आणि त्याआधी राज्य शासनाची मान्यता. 2016 मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात खरेदीच्या परवानगीआधी ग्रामसभेची संमती आवश्यक झाली. या तरतुदीमागचा इतिहास फार जुना नाही. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी महाराष्ट्राला वेगळा कायदा करावा लागला होता. सावकारीत, अंगठ्यावर, धान्याच्या उसनवारीवर गेलेल्या त्या जमिनी होत्या, आणि कागदोपत्री त्यांतले पुष्कळ व्यवहार बिनचूक होते. हद्दीपलीकडचे उदाहरण तर डोळ्यांसमोरचे आहे. सापुतारा थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवताना पठारावरच्या आदिवासी कुटुंबांना उठवून नवागामला हलवण्यात आले. आज त्या गावची माणसे पर्यटकांच्या आधारावर पोट भरतात, पण ज्या जागेवर पर्यटन उभे आहे ती त्यांची राहिलेली नाही. सुरगाण्याने पर्यटनाला दार उघडताना हा शेजार विसरू नये.

ग्रामसभेला शेवटी विचारले तर काय होते? तोवर मोजणीची फी भरलेली असते, वाटपाच्या फेरफारावर सह्या झालेल्या असतात, गुंतवणूकदाराने विसार म्हणून काही रक्कम दिलेली असते आणि ती घरात लग्नाला, दवाखान्याला किंवा जुन्या कर्जाला लागलेली असते. नोटरी केलेला एखादा करारनामाही कुणाच्या तरी पेटीत असतो. अशा वेळी ग्रामसभा 'नाही' म्हणाली तर तो नकार पैशाला जाऊन लागत नाही, आपल्याच गावातल्या एका अडलेल्या कुटुंबाला लागतो. शेजाऱ्याचे नुकसान करायला कोण हात वर करील? म्हणून ठराव होतो, तो चर्चेअभावी आणि संकोचाने होतो. सह्यांत लेकी-बहिणी किती असतात हाही प्रश्न आहेच. 1956 चा हिंदू वारसा कायदा कलम 2(2) प्रमाणे अनुसूचित जमातींना लागू होत नाही, आणि रूढीच्या नावाखाली मुलींचा हिस्सा गृहीत धरला जात नाही. आदिवासी स्त्रीला वारसाहक्क नाकारणे हे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये स्पष्ट केले. पण मोजणीच्या दिवशी बांधावर उभी राहणारी माणसे अजून बहुधा पुरुषच असतात.

दुसरे असे की जमिनीचे कागद जे दाखवत नाहीत तेच पाड्याच्या दृष्टीने मोलाचे असते. सातबारा उघडा. वरच्या नमुना सातमध्ये गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, पोटखराबा, भोगवटादाराचे नाव, बाजूला इतर हक्क. खालच्या बारामध्ये हंगामाची पिके, म्हणजे भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी. या कागदावर पोटखराबा म्हणून जी पाच-सात गुंठे खडकाळ जागा दिसते, तिच्यातूनच खालच्या पाड्याचा झरा येत असतो. गुरे ज्या वाटेने चरायला जातात तीही पुष्कळदा कुणाच्या ना कुणाच्या गटातून जाते आणि नकाशावर तिची रेघ नसते. सुरगाण्यात पाऊस धो धो पडतो, पण काळ्या खडकावरचा मातीचा थर पातळ, उतार तीव्र. नार, पार या नद्या इथे उगम पावून पश्चिमेला निघून जातात आणि फाल्गुन सरला की बाया हंड्यावर हंडा घेऊन उतरणीला लागतात. अशा ठिकाणी वीस-पंचवीस खोल्यांचे हॉटेल, त्याचा पोहण्याचा हौद आणि हिरवळ हे सगळे एका बोअरवर उभे राहणार असेल तर बिनशेतीच्या आदेशातला खरा मुद्दा पाण्याचा आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेता येत नाही, असा नियम भूजल कायद्यात आहे. पण पाड्याचा झरा सार्वजनिक स्रोत म्हणून कागदावर नोंदलेलाच नसेल तर हे अंतर मोजायचे कुठून? ती नोंद कचेरीत बसून होत नाही. झरा ग्रामसभेला माहीत असतो. मोजणीच्या आधी ग्रामसभेने त्या गटात उभे राहून झरा, गुरवाट, देवाची जागा, पाणवठा नकाशावर घालून घेतला तर पुढचा लेआऊट त्यांना वगळूनच आखावा लागेल. मोजणीनंतर हेच सांगितले तर ती हरकत ठरते, आणि मंजूर नकाशाविरुद्ध हरकत चालवायची म्हणजे कळवणच्या प्रांत कार्यालयाचे आणि नाशिकचे हेलपाटे आले. मजुरी बुडवून ते कोण घालील?

यावर पहिला आक्षेप आदिवासी तरुणांकडूनच येतो आणि तो गंभीर आहे. जमिनीला संरक्षण आहे म्हणून बाजारात तिला किंमत नाही, बँक कर्ज देताना कचरते, बाहेरचा कुणी भागीदार होत नाही. रस्त्याकडेच्या बिगर आदिवासीने चार वर्षांत हॉटेल काढायचे आणि आम्ही तिथे भांडी घासायची का, असे ते विचारतात. 2022 च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी गुजरातमध्ये जाण्याची मागणी केली, तेव्हा रस्ते, दवाखाने, वीज, पाणी हीच गाऱ्हाणी होती. विकास नको असे इथे कुणीच म्हणत नाही. पण संरक्षण काढले तर जमिनीला जी किंमत येईल ती एकदाच येईल, आणि नंतर भांडी घासायला तोच तरुण उरेल. नवागामचा अनुभव तेच सांगतो. मार्ग दुसरा आहे. राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणात शेतकरी स्वतः यजमान असतो. जमीन त्याची, शेती चालू, आणि त्यातच पाहुण्यांची सोय. सुरगाण्यात स्ट्रॉबेरी आहे, नागलीची भाकरी आहे, हतगड आहे, भिवतास धबधबा आहे. अशा केंद्राला जमीन तोडून विकावी लागत नाही. त्याला भांडवल लागते, आणि ते आदिवासी विकास विभागाच्या योजनांतून, कळवणच्या प्रकल्प कार्यालयातून, बचत गटांच्या कर्जातून उभे करणे हे सरकारचे काम आहे. ते काम होत नाही म्हणून जमिनीचे कुलूप काढा, हा युक्तिवाद मला पटत नाही.

दुसरा आक्षेप ग्रामसभेवरच आहे. ती वेळेवर भरत नाही, भरली तर पुढारी बोलतात, ठराव आधीच लिहिलेला असतो, मग तिला सुरुवातीला विचारून काय साधणार? हे दोष खरे आहेत. त्यांवरचा उपायही महाराष्ट्राच्या 2014 च्या पेसा नियमांत, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या नियमांत, आहे. मोठ्या ग्रामपंचायतीच्या गर्दीत हरवणारा पाडा ठराव करून स्वतःला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेऊ शकतो आणि स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. ज्या झऱ्याचे पाणी जाणार तो झरा पिणारी माणसेच त्या सभेत बसतात, तिथे पुढाऱ्याचे फावणे अवघड जाते. ओडिशात नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांपुढे ठेवला, तेव्हा बाराच्या बारा ग्रामसभांनी मोठ्या कंपनीला नकार दिला. लहान सभा आपले मत ठामपणे मांडू शकते याला आणखी पुरावा नको. आधी ग्रामसभेला विचारले तर उशीर होईल म्हणणाऱ्यांनी अमेरिकेच्या कोलोरॅडोतले ब्रेकेनरिज गाव पाहावे. तिथे पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांची संख्या इतकी वाढली की स्थानिक कामगारांना राहायला घर मिळेना, आणि 2021 मध्ये परवान्यांवर मर्यादा घालावी लागली. सुनावणी, नियोजन, पैसा, शिक्षण सगळे असलेल्या ठिकाणी ही पाळी आली, ती गाव भरल्यानंतर आली. सुरगाण्यात अजून वेळ गेलेली नाही.

एका बाबतीत मात्र कसलीही सूट नको. वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाने जातो, पण विकता वा हस्तांतरित करता येत नाही, आणि तो राहण्यासाठी व स्वतः कसून पोट भरण्यासाठी दिलेला असतो. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकऱ्यांत सुरगाण्याची माणसे मोठ्या संख्येने होती. वनजमीन नावावर व्हावी ही त्यांची मुख्य मागणी होती. त्याच जमिनीवर कुणाच्या तरी नावाआड तंबू-रिसॉर्ट उभे राहिले तर तो त्या चालण्याचा अपमान आहे. आदिवासीच्याच नावावर खरेदी करून मागून पैसा दुसऱ्याने लावायचा, हा प्रकारही त्याच जातीचा. आदिवासीने आदिवासीकडून घेतली तर 36अ ची परवानगी लागत नाही, म्हणून तो सोयीचा वाटतो. बेनामी व्यवहारांविरुद्ध 1988 पासून कायदा आहे. पण तो लावायचा तर पैसा कुणाचा हे आधी कुणीतरी सांगायला हवे, आणि ते गावात सगळ्यांना ठाऊक असते.

उरतो भाडेपट्टा. 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी आदिवासी जमिनी भाड्याने देण्याची प्रक्रिया जिल्हाधिकारी पातळीवरच सोपी करण्याचा मनोदय जाहीर केला, त्यामुळे पुढच्या काळात सुरगाण्याच्या फाइली विक्रीच्या कमी आणि भाड्याच्या जास्त असतील असे दिसते. ग्रामसभेच्या संमतीची 2016 ची अट खरेदीला जोडलेली आहे. भाड्याचा करार तिच्यापुढे आणण्याची सक्ती आधी व्हायला हवी. करार तिथे मराठीत वाचून दाखवला जावा, त्यात भाडे दरवर्षी किती वाढणार, पाणी किती आणि कुठून घेणार, सांडपाणी कुठे सोडणार हे असावे. जमीन भाड्याची असली तरी तिच्यावर उभी राहणारी इमारत विटा-सिमेंटची असते. मुदत संपल्यावर ती कुणाची, आणि पाडायची असेल तर खर्च कुणाचा, हे कलम करारात नसेल तर सहाव्या वर्षी खातेदाराकडे सातबारा राहील आणि चावी दुसऱ्याकडे.