एकाच चित्रात उजेड आणि काळोख

२०१८ मध्ये मॅकओएस मोहावेत, २०१९ मध्ये आयओएस १३ आणि अँड्रॉइड १० मध्ये सगळ्या यंत्रणेसाठी डार्क मोड आला. तेव्हापासून ॲपची ओळख करून देताना दोन्ही रूपं दाखवावी लागतात. शेजारी शेजारी ठेवलेले दोन स्क्रीनशॉट मोबाइलवर फार बारीक दिसतात. तिरकं विभागलेलं एकच चित्र त्याहून कितीतरी बोलकं ठरतं.

कृती सोपी आहे. गिम्प किंवा फोटोशॉपमध्ये दोन्ही स्क्रीनशॉट एकावर एक ठेवायचे आणि वरच्या थराचा अर्धा भाग मास्कने झाकायचा. खरी मेहनत त्याआधीची: खिडकीचा आकार, स्क्रोलची जागा, मजकूर, अगदी कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा तंतोतंत जुळायला हवं. नाहीतर दोन रूपांच्या सीमेवर अक्षरं तुटतात. ती सीमा मुख्य बटणावरून तर कधीच नेऊ नये.