लॉ सीईटी : पेपर सोपा गेला, कागदाने घात केला

(हा आमच्या एपिसोडचा लेखी भाग आहे. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे कसं' आणि मागून येणारे लोकलचे भोंगे काढून टाकलेत. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुम्हीच मागितलाय. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथहून बरेच मेसेज आले : "ताई, लॉ करायचंय, सुरुवात कुठून करू?" कुणी बारावीत आहे, कुणी बी.कॉम. करून ठाण्यात नोकरीला लागलंय.

आधी एक कबुली देते. लॉ सीईटी मी दोनदा दिली. पहिल्या वेळी मार्क चांगले होते, तरी प्रवेश मिळाला नाही. कारण होतं एक कागद. ती गोष्ट शेवटी सांगते, कारण आधी परीक्षा समजून घेतली तरच ती नीट कळेल.

कुठली परीक्षा कुणासाठी?

यूट्यूबवर 'लॉ एन्ट्रन्स' शोधलंत की तीन-चार नावं एकदम अंगावर येतात. त्यांची वाटणी करू.

पहिली एमएच-सीईटी लॉ. ही महाराष्ट्राचा राज्य सीईटी कक्ष घेतो. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, पुण्याचं आयएलएस, ठाण्याचं टीएमसी लॉ कॉलेज, उल्हासनगरचं नारी गुरसहानी, अशा राज्यातल्या कॉलेजांचे प्रवेश हिच्यावर होतात. हिचे दोन प्रकार आहेत : बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्ससाठी एक आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या कोर्ससाठी दुसरी. मुंबई विद्यापीठात पाच वर्षांच्या कोर्सला बी.एल.एस. एलएल.बी. म्हणतात. फॉर्म भरताना चुकीच्या सीईटीवर क्लिक करू नका, हसण्यासारखं वाटतं पण होतं तसं.

दुसरी क्लॅट. ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी. महाराष्ट्रात अशी तीन विद्यापीठं आहेत : मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. क्लॅट गेली काही वर्षं डिसेंबरात होते, पेपर इंग्रजीतच असतो आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापला जातो.

तिसरं नाव एलसॅट. ही मुळात अमेरिकेतल्या लॉ स्कूलची परीक्षा. तिकडे आधी पदवी, मग लॉ. तिच्यातले 'लॉजिक गेम्स' शिकवणारे ढीगभर व्हिडिओ तुम्हाला दिसतील. तो भाग अमेरिकेनेच ऑगस्ट 2024 पासून काढून टाकलाय. ठाण्याच्या कॉलेजसाठी त्यावर रात्री घालवू नका.

पेपर कसा असतो?

एमएच-सीईटी लॉ कॉम्प्युटरवर होते. 120 प्रश्न, 120 मिनिटं, प्रत्येकी एक मार्क. पूर्वी प्रश्न 150 असायचे, त्यामुळे जुनं गाईड वापरत असाल तर तिथला हिशोब धरू नका. प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हींत असतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. शेवटची पाच मिनिटं उरली की राहिलेल्या सगळ्यांवर काहीतरी टिक करून मोकळं व्हायचं. क्लॅटची तयारी करणाऱ्यांना प्रश्न सोडून द्यायची सवय लागलेली असते, इथे ती सवय महागात पडते.

आता मार्कांची वाटणी बघा. पाच वर्षांच्या सीईटीत कायद्याची अभिरुची 32, सामान्य ज्ञान 24, तर्क 32, इंग्रजी 24 आणि गणित 8. तीन वर्षांच्या सीईटीत कायदा 24, सामान्य ज्ञान 32, तर्क 24 आणि इंग्रजी तब्बल 40. गणित नाही.

हे आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते. कारण पदवीनंतर सीईटी देणारी आपली मुलं कलमं पाठ करत बसतात आणि एक तृतीयांश पेपर असलेल्या इंग्रजीला शेवटच्या आठवड्यात हात लावतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनो, इथे घाबरायचं नाही. रोज एक उतारा, दहा शब्द आणि व्याकरणाचे दहा प्रश्न, एवढं तीन-चार महिने केलंत तर फरक दिसतो.

कायदा शिकायच्या आधी कायद्याचे प्रश्न कसे सोडवायचे?

सगळ्यांना हीच भीती असते. या विभागात दोन प्रकार येतात. एक थेट माहितीचा : कलम 21 कशाबद्दल आहे, 'रेस ज्युडिकाटा' म्हणजे काय, वगैरे. तो वाचून होतो. दुसरा प्रकार तत्त्व आणि प्रसंगाचा. तुम्हाला एक नियम देतात, एक गोष्ट देतात आणि निकाल विचारतात.

मी बनवलेलं एक उदाहरण घ्या. तत्त्व : जो माणूस धोक्याची पूर्ण कल्पना असताना स्वखुशीने तो धोका पत्करतो, त्याला त्या धोक्यातून झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही. प्रसंग : ठाण्यातल्या दहीहंडीत एक गोविंदा सहाव्या थरावरून घसरतो, हात मोडतो आणि आयोजकांकडे भरपाई मागतो. मिळेल? दिलेल्या तत्त्वानुसार नाही. थर कोसळू शकतो हे त्याला माहीत होतं.

आता प्रसंग बदलू. त्याच हंडीला एक काका नुसते बघायला आलेत. आयोजकांनी बांधलेला प्रेक्षकांचा मंच तुटतो आणि काकांचा पाय मोडतो. इथे तेच तत्त्व लागू होईल? नाही. गर्दीतली ढकलाढकली त्यांनी पत्करली असेल, मंच तुटण्याचा धोका पत्करला नव्हता. तेव्हा हे तत्त्व त्यांची वाट अडवत नाही.

इथे सापळा कुठे असतो सांगते. तुमच्या डोक्यात येतं, "अरे, पण गोविंदाच्या वयाबद्दल कोर्टाने काहीतरी सांगितलंय ना?" सांगितलं असेल. प्रश्नात वय दिलंय का? नाही. मग ते आणायचं नाही. दिलेला नियम, दिलेली गोष्ट, बस्स. आपल्याला काय न्याय्य वाटतं हेही बाजूला ठेवायचं. पहिला महिनाभर मी हाच गोंधळ घालत होते, गरीब माणूस दिसला की त्याच्या बाजूने टिक!

सेकंडहँड पुस्तकांबद्दल सावध

पैसे वाचवायला जुनी पुस्तकं घेता, मीही घेतली. पण एक तारीख लक्षात ठेवा : 1 जुलै 2024. त्या दिवसापासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले. खुनाचं 302 आता 103 झालं, फसवणुकीचं प्रसिद्ध 420 आता 318 मध्ये गेलं, चोरीच्या शिक्षेचं 379 आता 303 मध्ये. सिनेमात अजून 'दफा 302' चालेल, पेपरमध्ये चालणार नाही. जुन्या पुस्तकातून तर्क, इंग्रजी, संविधान आणि करार जरूर वाचा. गुन्ह्यांची कलमं नव्या पुस्तकातूनच.

वेळ कुठून काढायचा?

आपल्याकडे उत्तर एकच, लोकल. डोंबिवली ते ठाणे फास्ट गाडीत साधारण वीस मिनिटं मिळतात. प्रश्नामागे एक मिनिट, म्हणजे वीस प्रश्न. बसायला जागा मिळत नाही हे मला माहितीये, म्हणूनच चालू घडामोडी मी फोनवर ऐकायचे आणि तर्काचे प्रश्न रविवारसाठी ठेवायचे. शांतपणे बसायला ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, 1893 सालापासूनचं. पूर्ण दोन तासांची मॉक मात्र कॉम्प्युटरवरच द्या. फोनवर प्रश्न सोडवणं वेगळं आणि माऊस धरून स्क्रीनकडे दोन तास बघणं वेगळं.

आता तो कागद

सीईटी झाली, निकाल लागला, म्हणजे प्रवेश झाला असं मला वाटलं होतं. नाही हो. त्यानंतर कॅप असते, केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. तिची नोंदणी वेगळी. कागदपत्रं अपलोड करायची, त्यांची पडताळणी होते, गुणवत्ता यादी लागते, मग कॉलेजांचे पर्याय भरायचे आणि फेऱ्यांमधून जागा मिळते.

मी ओबीसीतून फॉर्म भरला होता. जातीचा दाखला होता. नॉन-क्रिमीलेअर होतं. फाइल उघडली, स्कॅन केलं, अपलोड केलं. पडताळणीत परत आलं. दाखल्याची मुदत संपली होती. नॉन-क्रिमीलेअर ज्या वर्षी प्रवेश घेताय त्याच्या पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं लागतं. माझं आधीच्याच मार्चला संपलेलं. मी तारीख कधी वाचलीच नव्हती.

सेतू केंद्रावर धावले. तिथल्या काकांनी कागद बघून एवढंच म्हटलं, "पोरी, आता आलीस? सगळं कल्याण तालुका आजच आलंय." नवा दाखला मिळाला, पण कॅपची तारीख उलटून गेल्यावर. मला खुल्या गटात धरलं आणि त्या यादीत माझ्या पर्यायातलं एकही कॉलेज लागलं नाही.

नंतर एका कॉलेजात संस्था पातळीवर जागा मिळत होती. बाबा म्हणाले, "घे, बघू पैशांचं." पण हिशोब केला आणि गप्प बसलो. कारण जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने ठरवलंय की ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. बाहेरून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. म्हणजे त्या एका तारखेने माझी जागाही गेली आणि माफीही.

सीईटीचे मार्क पुढच्या वर्षी चालत नाहीत. वर्षभर नोकरी केली, परत परीक्षा दिली, आणि या वेळी दाखला आधी काढला, अभ्यास नंतर सुरू केला. आज मी तीन वर्षांच्या एलएल.बी.ला आहे, कॅपमधून.

आजच करायच्या गोष्टी

स्क्रीनशॉट काढा.

एक. दहावी, बारावी आणि पदवीच्या मार्कशीटवर तुमचं नाव एकाच स्पेलिंगने आहे का बघा.

दोन. अधिवास दाखला आहे का? नसेल तर आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूत अर्ज टाका.

तीन. आरक्षणातून जाणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ठाणे जिल्ह्याची पडताळणी समिती वेगळी आहे, आणि जुने पुरावे, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला वगैरे शोधण्यात महिने जातात. बारावीतल्यांनी कॉलेजमार्फत आत्ताच अर्ज करावा.

चार. नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस दाखल्यावरची शेवटची तारीख मोठ्याने वाचा. हो, मोठ्याने.

पाच. पात्रता बघा. बारावी किंवा पदवीला खुल्या गटाला 45 टक्के, ओबीसींना 42, एससी-एसटींना 40. आणि दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमात बसत नाही.

सहा. पर्याय भरताना खरंच जिथे जायचंय ते कॉलेज वर ठेवा. 'आपल्याला मिळणार नाही' म्हणून खाली टाकू नका. यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते आणि तुमच्या गुणवत्तेत बसणारा सगळ्यात वरचा पर्याय देते. वर टाकल्याने खालचं जात नाही. पण जिथे रोज पोचणं शक्यच नाही ते कॉलेज यादीत घालू नका, कारण 70 टक्के हजेरीचा नियम आहे.

सात. कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता आहे याची खात्री करा. नाहीतर पदवी मिळेल, सनद नाही.

सनदेवरून आठवलं. "वकील व्हायला पुढेही खूप पैसे लागतात का?" असं बदलापूरच्या एका श्रोत्याने विचारलंय. जुलै 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नोंदणीसाठी खुल्या गटाकडून 750 आणि एससी-एसटींकडून 125 रुपयांहून जास्त घेता येणार नाहीत. त्यापुढे ऑल इंडिया बार परीक्षा आहेच. आणि न्यायाधीश व्हायचं स्वप्न असेल तर मे 2025 च्या निकालानंतर आधी तीन वर्षं वकिली करावी लागते. त्यावर वेगळा एपिसोड करू.

शेवटचं. ज्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचं नाव आपण पहिल्या पर्यायात टाकतो, ते 1855 सालचं आहे आणि 1935 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे प्राचार्य झाले. तिथली जागा कुणाच्या ओळखीने मिळत नाही, मार्कांनी आणि कागदांनी मिळते. मार्क तुम्ही आणालच. कागद आज रात्री जेवण झाल्यावर आईकडून ती जुनी पिशवी मागून घ्या आणि तारखा तपासा. काही सापडलं तर मला कळवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.